आल्प्समध्ये पहिल्यांदा जाताना: पायवाट, बर्फ आणि शेवटची गोंडोला

ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला आयगर एक्सप्रेस या गोंडोलाच्या, म्हणजे तारेच्या दोरावरून डोंगर चढणाऱ्या डब्यांच्या, केबिनमध्ये बसलात की पंधराव्या मिनिटाला तुम्ही आयगरग्लेचर स्थानकावर, २,३२० मीटर उंचीवर उतरता. समोर आयगर शिखराचा उत्तर कडा असतो, जो गिर्यारोहकांना पहिल्यांदा सर करता आला तो १९३८ साली. तुम्ही तिथे पोचता ते मात्र शर्टाची घडीही न मोडता.

आल्प्समध्ये नवख्या माणसाचा घात होतो तो याच सोयीमुळे. रेल्वे मिनिटाबरहुकूम धावते, पाट्या नीट रंगवलेल्या असतात, चौदाशे मीटरची चढण काचेच्या डब्यात बसून पार होते. मग आपण बागेत आलोय असं वाटू लागतं. पण डब्यातून बाहेर पाऊल टाकलं की हवा, उतार आणि बर्फ डोंगराचाच असतो. तिथल्या सोयी उत्तमच आहेत, फक्त त्या वाचता यायला हव्यात. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणासाठी स्वित्झर्लंडमधला बर्नीज ओबरलांड, म्हणजे आयगर, मोंख आणि युंगफ्राऊच्या पायथ्याचा प्रदेश घेतला आहे, कारण पहिल्या खेपेला चालणं आणि स्की या दोन्हींसाठी त्याच्याइतका सोपा भाग मला दुसरा सुचत नाही.

पायरी १: चालायचं की स्की करायचं, ते ठरवा. महिना त्यावरून ठरतो.

दोन्ही एकाच सहलीत जमवायचा मोह आवरा. उंचावरच्या पायवाटा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोकळ्या असतात. जूनमध्ये उत्तरेकडच्या उतारांवर जुन्या बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. सकाळी ते काचेसारखे कडक असतात आणि एक पाय सटकला तर माणूस खाली कुठवर जाईल याचा नेम नसतो. निवांत चालायचं असेल तर माझी पसंती सप्टेंबरला. दुपारची वादळं कमी झालेली असतात, हवा स्वच्छ असते, गर्दी ओसरलेली असते.

स्कीचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. शिकाऊंसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हे दोन काळ चांगले. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा रांगा लांबतात आणि खोल्या महागतात.

एप्रिलचा शेवट ते मे आणि नोव्हेंबर हा काळ मात्र टाळा. वाटांवर बर्फ असतो, पण स्कीला पुरेल इतका नसतो, आणि बऱ्याच गोंडोला वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात. स्वस्त तिकीट पाहून लोक नेमके याच दिवसांत जातात आणि बंद दारं पाहून परततात.

पायरी २: मुक्कामाचं गाव

इंटरलाकेन ओस्टहून वर जाणाऱ्या गाडीचे त्स्वाइल्युचिनेनला दोन भाग होतात. एक ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. आपण कुठल्या भागात बसलोय ते डब्यावरच्या पाटीवर आधीच पाहून घ्या.

ग्रिंडेलवाल्ड सुमारे १,०३० मीटरवर आहे. मोठं गाव, हॉटेलं भरपूर, बस घराजवळून. लाउटरब्रुनेन त्याहून खाली, ८०० मीटरच्या आसपास, उभ्या कड्यांच्या चिंचोळ्या दरीत. तिथल्या धबधब्यांचं कौतुक सगळे करतात, पण हिवाळ्यात दरीत ऊन फार थोडा वेळ येतं हे कुणी सांगत नाही. वेंगेन (१,२७४ मीटर) आणि म्युरेन (सुमारे १,६४० मीटर) ही गावं कड्यांच्या माथ्यावर आहेत आणि तिथे मोटारी नाहीत. सामान घेऊन रेल्वेने किंवा केबलकारनेच जायचं. लहान मुलांसोबत स्की शिकायची असेल तर वेंगेन घ्या. नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे दमलेलं पोर पाच मिनिटांत खोलीवर नेता येतं. फक्त चालायचं असेल तर ग्रिंडेलवाल्ड.

पायरी ३: व्हिसा, विमा, पास

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

इथे जरा थांबा. व्हिसापुरता घेतलेला विमा डोंगरात पुरेल असं धरून चालू नका. पॉलिसीत तीन गोष्टी लेखी शोधा: हिवाळी खेळांचे अपघात, हेलिकॉप्टरने सुटका, आणि स्कीसाठी आखलेल्या उतारांबाहेरचं स्की. बऱ्याच पॉलिसींमध्ये यातलं एखादं कलम वगळलेलं असतं, आणि हेलिकॉप्टरच्या एका फेरीचं बिल हजारो फ्रँक होऊ शकतं.

तिकिटांबाबत एकच सांगतो. पाहुण्यांसाठीचं हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि रेल्वे, बस, बहुतेक गोंडोला यांचं भाडं निम्म्यावर आणतं. एकाच भागात राहून रोज वर जाणार असाल तर ते आणि त्या भागाचा स्थानिक पास यांची बेरीज कागदावर मांडून पाहा. स्विस ट्रॅव्हल पास देशभर फिरणाऱ्याला सोयीचा आहे, पण युंगफ्राऊयोखसारख्या उंच टप्प्यांवर तो फक्त सवलत देतो, फुकट नेत नाही.

पायरी ४: पाटी वाचायला शिका

स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचं जाळं ६५,००० किलोमीटरांहून अधिक आहे आणि सगळीकडे एकच खुणांची भाषा चालते. ती पंधरा मिनिटांत शिकता येते.

नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, विशेष कौशल्य नको. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ तीव्र, काही जागी अरुंद, कधी आधाराला तारेचा दोर. इथे पक्का पाय, घोट्याला आधार देणारे बूट आणि उंचीची भीती नसणं गरजेचं. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन वाट: दगडी कडे, हिमनदी, वाट नसलेले टप्पे. पहिल्या सहलीत या रंगाकडे वळूच नका, मग गावी कितीही ट्रेक केलेले असोत. हिवाळ्यात गुलाबी पाट्या दिसतात, त्या दाबून सपाट केलेल्या बर्फातल्या पायवाटांच्या असतात. स्की न करणाऱ्या सोबत्यासाठी या वाटा म्हणजे हिवाळ्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं.

पाटीवर अंतर नसतं, वेळ असते. ‘१ तास ४० मिनिटं’ म्हणजे सराईत चालीने, न थांबता. फोटो, पाणी, बुटाची नाडी यांतलं काहीही त्यात धरलेलं नाही. नवख्याने त्यात निम्मी वेळ आणखी मिळवावी. मुलं असतील तर दुप्पट.

आता सर्वांत महत्त्वाची पाटी. प्रत्येक गोंडोलाच्या वरच्या स्थानकावर ‘लेत्स्ते टालफार्ट’ असं लिहून पुढे एक वेळ दिलेली असते. अर्थ: खाली जाणारी शेवटची फेरी. ती ऋतूप्रमाणे बदलते आणि आपल्याला वाटते त्याहून बरीच लवकर असते. माझ्या पहिल्या सहलीत ग्रिंडेलवाल्डच्या वर मेन्लिशेनच्या कुरणात गाईंच्या घंटा ऐकत आम्ही रेंगाळलो, आणि स्थानकावर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. खाली जवळपास १,३०० मीटरची उतरण होती. साडेतीन तास चाललो, शेवटचा तास मोबाइलच्या उजेडात, आणि सोबतच्या मित्राचे गुडघे पुढचे दोन दिवस वाकत नव्हते. तेव्हापासून वर पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे त्या पाटीचा फोटो काढणं आणि त्या वेळेच्या तासभर आधीचा गजर लावणं. तुम्हीही हेच करा.

पायरी ५: पायी फिरण्याचे पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी फर्स्ट ते बाखआल्पझे तळं. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोला फर्स्ट या स्थानकाला, २,१६७ मीटरवर सोडते. तिथून तळं तासाभराच्या अंतरावर, चढ फक्त शंभरेक मीटर. वारा नसेल तर तळ्याच्या पाण्यात श्रेकहोर्न शिखराचं प्रतिबिंब दिसतं. या दिवसाचा हेतू पाय नाही, छाती तपासणं हा आहे. २,२०० मीटरवर आपला दम कसा लागतो, हे इथे कळतं.

दुसऱ्या दिवशी मेन्लिशेन ते क्लाइने शायडेक, दीड तास, हलका उतार. आयगर, मोंख, युंगफ्राऊ तिघेही वाटभर समोर. तिसऱ्या दिवशी, पाय साथ देत असतील तर, आयगर ट्रेल: आयगरग्लेचरहून आल्पिग्लेनपर्यंत सुमारे सहा किलोमीटर, थेट उत्तर कड्याच्या पायथ्याने. ही पांढरी-लाल-पांढरी वाट आहे आणि ७०० मीटर उतरते. काठ्या सोबत घ्या. उतरणीवर गुडघ्यांचा बराच भार त्या घेतात.

शिनिगे प्लाटेहून फाउलहोर्नवरून फर्स्टला येणारी सोळा किलोमीटरची वाट या सगळ्यांहून सुंदर आहे. पण तिला सहा तास लागतात, आणि सकाळची पहिली गाडी पकडली तरच संध्याकाळची शेवटची गोंडोला गाठता येते. ती दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

कपड्यांत एक नियम पाळा: अंगाला सुती काही नको. घामाने भिजलेला सुती शर्ट वाऱ्यात अंगावरच गार होतो. मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशांनी घटतं, म्हणजे गावात १८ अंश असताना दीड हजार मीटर वर आठच उरतात, त्यात वारा वेगळा. टोपी आणि हातमोजे जुलैतही पिशवीत असू द्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा. काळा चष्मा न घालता बर्फात दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

उन्हाळ्यात ढग दुपारनंतर चढतात. सकाळी आकाश निळंशार असलं तरी दोनच्या आत धारेवरून खाली असावं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितक्या किलोमीटरवर वादळ आहे. जवळ आलं असेल तर कड, एकटं झाड आणि तारेचे दोर सोडून खाली सरका. काही आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा.

कुरणातल्या गाई शांत दिसतात, पण वासरू सोबत असलेली गाय अंगावर येऊ शकते. कळपाला लांबून वळसा घाला, वासराला हात लावू नका, फाटक उघडलंत तर लावून घ्या. प्यायचं पाणी गावातल्या कारंज्यांतून भरता येतं. जिथे ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे ‘पिण्याचं पाणी नाही’, लिहिलंय तिथे मात्र नाही. ओढ्याचं पाणी टाळा, वर गुरं चरत असतात.

एखादी रात्र डोंगरातल्या हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरात, काढावीशी वाटेल, जरूर काढा. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि आज त्याच्या दीडशेवर हट आहेत. जागा आधी राखून ठेवा, शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा, येणार नसाल तर रद्द करा, कारण न पोचलेल्या पाहुण्याची तिथे काळजी केली जाते. झोपण्यासाठी पातळ आतली पिशवी स्वतःची न्यावी लागते. रोख फ्रँक जवळ ठेवा. दहा वाजता दिवे मालवतात आणि पहाटे चढाईला निघणारे तुमच्या शेजारून हळूच उठून जातात.

युंगफ्राऊयोख मुद्दाम शेवटी. १९१२ पासून रेल्वे तिथे, ३,४५४ मीटरवर जाते. शेवटचा बराच मार्ग आयगर आणि मोंखच्या पोटातल्या बोगद्यातून आहे. पलीकडे आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी पसरलेली दिसते. गावाहून इतक्या वर इतक्या लवकर गेल्याने डोकं दुखणं, मळमळ, जिना चढताना धाप लागणं हे बऱ्याच जणांना होतं. सावकाश चाला, पाणी प्या. डोकेदुखी वाढत गेली तर पुढची गाडी धरून खाली या, गोळी घेऊन वर थांबू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी घरूनच डॉक्टरांना विचारून निघावं.

पायरी ६: स्की

याच दरीत म्युरेनला आर्नल्ड लन यांनी १९२२ साली आधुनिक पद्धतीची पहिली स्लालम, म्हणजे खांबांमधून वळत उतरण्याची, शर्यत घेतली. वेंगेनला १९३० पासून लाउबरहोर्न शर्यत होते. तिच्या उतारावर खेळाडू ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने येतात. तुम्हाला पहिल्या दिवशी शिकायचं आहे ते थांबणं.

साहित्य भाड्याने घ्या, विकत मुळीच नको. सगळा जीव बुटांत असतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलता येता कामा नये. आत एकच पातळ लांब मोजा. दोन घातले तर घड्या पडून पोटऱ्या ठणकतात आणि पाय गारही पडतात. दुकानदार वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतो. लाजून वजन कमी किंवा येणं जास्त सांगू नका. पडल्यावर स्की बुटापासून सुटावी यासाठी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, याच आकड्यांवरून बसवतात. चुकीच्या आकड्याची किंमत गुडघा मोजतो. हेल्मेट घ्याच.

मित्राकडून शिकू नका. त्याला येतं म्हणून शिकवता येतंच असं नाही, आणि दुपारपर्यंत कंटाळून तो तुम्हाला वर घेऊन जातो. स्की शाळेचा तीन ते पाच दिवसांचा गटवर्ग घ्या. पहिल्या सकाळी एक पाय घसरवत चालणं, पडणं, उठणं एवढंच होईल. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठताच घसरू लागाल. मग टोकं जवळ, मागची बाजू लांब असा ‘व्ही’ उलटा धरून वेग आवरायला शिकवतात. शरीर मागे झुकवावंसं वाटेल, कारण उताराची भीती वाटते. पण नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे राहिलं तरच स्की ऐकते. हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळलं त्या क्षणी वळण आपोआप आलं.

वर न्यायला आधी सरकता पट्टा असतो. मग टी आकाराचा दांडा, त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकून ओढून घ्यायचं. पडलात तर लगेच बाजूला व्हा, मागचा येतोय.

इथे उतारांचे रंग तीन: निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याआधी हिरवाही असतो, इथे नाही. पिवळ्या खुणांचे मार्ग हिमस्खलनापासून सुरक्षित ठेवतात, पण त्यांवर बर्फ सपाट केलेला नसतो आणि संध्याकाळची गस्त नसते. पहिल्या आठवड्यात निळ्यावरच राहा. वर जाण्याआधी नकाशात पाहा की खाली येण्याची सगळी वाट निळीच आहे ना. मधला एखादा लाल तुकडा दमलेल्या पायांना फार मोठा वाटतो. निळी वाट संपत असेल तर गोंडोलाने खाली उतरा, त्यात कमीपणा काहीच नाही.

उतारावर वागण्याचे दहा आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांतले रोज लागणारे असे: खाली असलेल्याला पहिला हक्क, त्याला टाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. निघताना आधी वर पाहा. थांबायचं ते कडेला, उंचवट्याच्या पलीकडे कधीच नाही. धडक झाली तर थांबून नाव-पत्ता द्यावा लागतो.

सकाळी बर्फ कडक असतो, दुपारी मऊ आणि ढेकळांचा होतो. पाय थकलेले, बर्फ जड, अशा वेळी ‘एकच शेवटची फेरी’ म्हणत लोक निघतात आणि पडतात. तीनच्या सुमारास थांबणारा दुसऱ्या दिवशीही स्की करतो. उतार बंद झाल्यावर तर पाऊलही टाकू नका. बर्फ दाबणारी यंत्रं शेकडो मीटर लांब पोलादी दोरावर काम करतात आणि अंधारात तो दोर दिसत नाही.

एक दिवस स्कीला सुट्टी द्या आणि स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घ्या. फाउलहोर्नहून बुसआल्पमार्गे ग्रिंडेलवाल्डला येणारी स्लेजची वाट पंधरा किलोमीटरची आहे, पण आधी अडीच तास स्लेज ओढत चढावं लागतं. गावात वेलोगेमेल नावाची लाकडी बर्फसायकलही भाड्याने मिळते, ती १९११ मध्ये तिथल्याच एका सुताराने बनवली.

पायरी ७: हिमस्खलन आणि मदत

दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता हिमस्खलनाचं पत्रक काढते, इंग्रजीतही. तिच्या व्हाइट रिस्क ॲपवर ते मिळतं. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. नवखा तीन म्हणजे ‘मध्यम’ समजतो. तसं नाही. तीनचं नावच ‘लक्षणीय’ आहे, आणि सर्वांत जास्त बळी याच पातळीला जातात, कारण आकाश स्वच्छ असतं, बर्फ ताजा असतो आणि लोक आखलेले उतार सोडून बाहेर पडतात. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेर ताज्या बर्फात कुणाचे तरी दोन सुंदर माग दिसतील. ते माग म्हणजे परवाना नव्हे. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लागावा म्हणून संकेत देणारं यंत्र), फावडं, शोधकाठी आणि मार्गदर्शक यांच्याविना उताराच्या हद्दीच्या दोरीपलीकडे जाऊ नका. ‘गेश्पेर्ट’ लिहिलेली पाटी, म्हणजे बंद, ही उन्हाळ्यात पायवाटेलाही तितकीच लागू आहे.

अपघात झालाच तर आधी जागा सुरक्षित करा. स्कीच्या उतारावर जखमीच्या थोडं वर दोन स्की फुलीसारख्या रोवतात, म्हणजे वरून येणारे वळतात. मग फोन: रुग्णवाहिका १४४, हेलिकॉप्टरने सुटका करणारी रेगा १४१४, कुठूनही चालणारा ११२. रेगाचं ॲप घरूनच घालून घ्या, ते हाक मारतानाच तुमची जागा कळवतं. फोनला रेंज नसेल तर आल्प्सचा जुना संकेत वापरा: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीनदा येतं.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर पसरून वाय आकार करा, अर्थ ‘होय, मदत हवी’. एक हात वर, एक खाली, म्हणजे ‘नको’. मजेत दोन्ही हात हलवून पायलटला कधीही नमस्कार करू नका. ते उतरू लागलं की टोप्या, काठ्या, पिशव्या घट्ट धरा, जमिनीशी वाकून बसा, आणि आतला माणूस खूण करेपर्यंत जागेवरून हलू नका.